सचिवांचा पुकारा

“नाव पुकारलंच पाहिजे असं काही आहे का?” अधीक्षकांनी विचारलं आणि उत्तराची वाट न बघता ते खिडकीचा पडदा सारखा करू लागले.

टेबलासमोर पुकारेदादा उभे होते. अंगात कोर्टाचा काळा कोट, गळ्याला मफलर आणि तोंड घट्ट मिटलेलं. डॉक्टरांनी घशात गाठ सांगितली होती आणि पुढच्या तपासणीपर्यंत चकार शब्द काढायचा नाही अशी तंबी दिली होती. तंबी डॉक्टरांची असली तरी अंमलबजावणी बायकोकडे होती, त्यामुळे सुटकेला जागा नव्हती.

“बघा ना दादा, एवढा मोठा माणूस. पाटबंधारे खात्याचे सचिव होते. त्यांना काय सायकलचोरासारखं बाहेर उभं करायचं? आतल्या खोलीत बसवू, बाजूच्या दारानं आणू. मी मॅडमना सांगतो, आरोपी हजर आहेत म्हणून. तुम्ही पुकारायचं नाही. काय?”

दादांनी जोरजोरात मान हलवली. नाही म्हणून.

“कळलं, कळलं. घसा. तुमच्याच्यानं आता होणारच नाही. म्हणून तर मी म्हणतोय.”

दादांनी बोटानं बाहेरचा व्हरांडा दाखवला, मग छातीवर हात ठेवला, मग तोंडाशी ओंजळ धरली. याहून स्पष्ट कुणी काय सांगायचं? पण अधीक्षक आपल्याला हवं तेच वाचण्यात पटाईत होते.

“हो हो, लाउडस्पीकरचंही चाललंय वरती. तुम्ही काळजी करू नका. ठरलं मग आपलं!” असं म्हणून त्यांनी दादांच्या पाठीवर थाप मारली आणि दार उघडून धरलं.

दुसरा एखादा असता तर त्यानं तिथंच मफलर सोडून खडसावलं असतं. दादांच्या ओठांवर शब्द आलेही होते. पण बायकोला शब्द दिला होता, आणि दुसरं म्हणजे घशात उरलेला आवाज त्यांना अधीक्षकांवर खर्च करायचा नव्हता.

त्या आवाजाची गोष्टच वेगळी होती. कोर्टाच्या दारात उभं राहून दादा नाव पुकारायचे ते व्हरांडा ओलांडून, जिना उतरून, थेट उपाहारगृहात चहा पीत बसलेल्या माणसाच्या कपात पडायचं. पाकीटमार असो, सावकार असो, एकदा तर खुद्द महापौर होते, दादांची पद्धत एकच. नाव, बापाचं नाव, आडनाव. पुढं साहेब नाही, मागं राव नाही. तीनदा पुकारायचं, सारख्याच पट्टीत. महापौरांच्या वेळी लोक कौतुकानं बघायला जमले होते, आणि दादांना त्याचं नवल वाटलं होतं. नाव लहानमोठं असतं का कधी?

पण माणूस दारापाशी आला की ते हलक्या आवाजात आणखी एक वाक्य म्हणायचे. “उंबरा आहे. जपून.”

त्या दाराचा उंबरा उगाचच उंच होता. दादांच्या वडिलांना तो नडला होता. वडील कोळशाच्या वखारीवर हमाल. एका पोत्याची चोरी त्यांच्यावर आली. पोतं त्यांनी नेलं नव्हतं, पण ते सांगायला त्यांच्याकडे वकील नव्हता. त्यांचं नाव पुकारलं गेलं तेव्हा घाबरून ते धावतच आले, उंबऱ्याला ठेचकाळून पालथे पडले, आणि आख्खं कोर्ट हसलं. शिक्षा झाली. राष्ट्राध्यक्षांकडे माफीचा अर्ज केला, त्याचं उत्तर कधी आलं नाही. सगळी शिक्षा भोगून ते घरी आले, पण मरेपर्यंत तुरुंगाबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. बोलायचे ते त्या हसण्याबद्दल. पुढं दादांना त्याच कोर्टात पुकाऱ्याची नोकरी लागली, आणि पहिल्या दिवसापासून त्या दारात कुणी पडलं नाही. हा दादांचा अभिमान. पगारवाढ कधी आली न् कधी गेली ते त्यांच्या लक्षातही राहायचं नाही, पण हे राहायचं.

सचिवांची माफी मात्र अर्ज न करताच आली होती.

प्रकरण साधं होतं, म्हणूनच भयंकर होतं. पाऊस फार झाला, धरण तुडुंब भरलं, पाण्याचा फुगवटा वरच्या काठावरच्या एका बागेपर्यंत पोचला. ती बाग राष्ट्राध्यक्षांची. पाणी सोडायचं तर आधी भोंगा वाजवून खालच्या वस्तीला सावध करायचं, हा नियम. पण भोंगा वाजला असता तर पेपरवाले आले असते, कुणासाठी एवढी घाई म्हणून विचारलं असतं. सचिवांनी फोन करून सांगितलं, दरवाजे उघडा, भोंगा राहू द्या. बाग वाचली. नदीकाठची वस्ती वाहून गेली.

खटला उभा राहतोय म्हणताच राष्ट्राध्यक्षांनी सचिवांना सगळ्या गुन्ह्यांची माफी देऊन टाकली. अजून साक्ष नाही, निकाल नाही, आणि माफी हजर! सचिव हसतमुखानं घरी गेले. वस्तीतले लोक मात्र कोर्टाच्या पायऱ्यांवरून हलले नाहीत. अखेर न्यायाधीशबाईंनी निर्णय वाचला. दादांनी तो दारात उभं राहून ऐकला होता. शिक्षा माफ करायचा अधिकार राष्ट्राध्यक्षांना आहे, बाई म्हणाल्या, खटलाच होऊ न देण्याचा नाही. आणि ज्या कृत्यात माफी देणाऱ्याचाच फायदा आहे, त्याची माफी या न्यायालयावर बंधनकारक नाही. वरच्या कोर्टानंही ते उचलून धरलं. आता सचिवांना यावंच लागणार होतं. त्या तारखेची दादा वाट बघत होते, मुक्यानं.

त्या वस्तीतली एक इस्त्रीवाली रोज व्हरांड्यातल्या बाकावर बसायची. अधीक्षकांच्या खोलीतून दादा बाहेर पडले तशी ती उठली.

“दादा, खरं का हो? तो मागच्या दारानं येणार म्हणे.”

दादांनी बोटानं अधीक्षकांची खोली दाखवली.

“मी त्या संध्याकाळी कपडे पोचवायला वरच्या गल्लीत गेले होते,” ती म्हणाली. “लेक दुकानात होती. दुकान असं समोर दिसत होतं मला. धरणावर भोंगा होता, बटणापाशी माणूस होता. कुणी एक हाक मारली असती ना दादा, तर ती पळाली असती. तरणीताठी होती, चार उड्यांत वर आली असती.” मग ती म्हणाली, “तुम्ही त्याला हाक मारा. मोठ्यानं. मला इथं ऐकू आली पाहिजे.”

दादांनी मान डोलावली. ती त्यांच्याकडे निरखून बघत राहिली.

“आणि हा असला चुरगळलेला कोट घालून नका मारू. द्या इकडं. संध्याकाळी घरी आणून देते.”

घरी दादांच्या मौनाचा सोहळा चालला होता. एरवी घरातही त्यांची पट्टी कोर्टाचीच असायची. ताटावर बसून “मीठ आण गं!” म्हटलं की भिंतीपलीकडचे शेजारी ओरडायचे, “वहिनी, मीठ द्या हो दादांना!” आता दादा चमचा पेल्यावर वाजवून पाणी मागत, मीठ मागत, आणि बायकोचा तोंडाचा पट्टा सुखानं चालू राही.

“लग्न झाल्यापासून पहिल्यांदा माझं वाक्य शेवटपर्यंत जातंय,” ती शेजारणीला सांगायची. “देव करो न् डॉक्टर औषध विसरो.”

पण रात्रीच्या जेवणाआधी दादांनी तोंडाशी ओंजळ धरून व्हरांड्याचा अभिनय करून दाखवला, तेव्हा तिचा चेहरा उतरला.

“काय गरज आहे? डॉक्टरांनी काय सांगितलंय? आत्ता ताणलात तर पुन्हा यायचा नाही आवाज. एका चोरासाठी जन्माचा घसा घालवणार? दुसरं कुणी पुकारेल की! काही नडलंय का तुमच्यावाचून?”

तेवढ्यात इस्त्रीवाली कोट घेऊन आली. दोघी बायका दारातच बोलत उभ्या राहिल्या. दादांना आतून फक्त कुजबुज ऐकू येत होती, मग तीही थांबली. बायको कोट दोन्ही हातांवर आडवा धरून आत आली. बाहीची घडी सुरीसारखी उभी होती. तिनं तो खुंटीला लावला आणि डोळे पुसले.

“पुकारा,” ती म्हणाली. “पण तीनही वेळा नीट पुकारा. अर्धवट काहीतरी करून घरी येऊ नका.”

तारखेच्या दिवशी व्हरांड्यात पाय ठेवायला जागा नव्हती. आतल्या खोलीत गादीची खुर्ची होती, पाण्याची बाटली होती, आणि खुर्चीत सचिव होते. न्यायाधीशबाई आसनावर बसल्या. लेखनिकानं खटल्याचा क्रमांक वाचला. अधीक्षक पुढं सरसावून “मॅडम” म्हणणार, एवढ्यात त्यांना दारापाशी कडक इस्त्रीचा काळा कोट दिसला. मफलर नव्हता.

ते तीरासारखे धावले आणि त्यांनी दादांची बाही धरली. “दादा! अहो, ठरलंय ना आपलं!”

“मी कुठं काय बोललो होतो?” दादा म्हणाले. इतक्या दिवसांनी उमटलेलं ते पहिलं वाक्य. आवाज जाग्यावर होता.

त्यांनी व्हरांड्याकडे तोंड केलं, छाती भरून घेतली आणि सचिवांचं नाव पुकारलं. नाव, बापाचं नाव, आडनाव. पुढं काही नाही, मागं काही नाही. नाव व्हरांड्यातून गेलं, जिना उतरलं, खाली कुणीतरी कप ठेवल्याचा आवाज आला. दुसऱ्यांदा पुकारताना घशात काहीतरी टरकन ओढलं गेलं, पण नाव तितक्याच लांब गेलं. तिसऱ्यांदा त्यांनी भिंतीला हात टेकला. नावाचा शेवट फाटत गेला, पण तो ऐकू आला नाही असं म्हणायची कुणाची हिंमत झाली नसती. बाकापाशी इस्त्रीवाली उभी राहिली होती. तिनं डोळे मिटून घेतले होते.

“पुकारा ऐकला मी,” न्यायाधीशबाई म्हणाल्या. “आरोपी कुठे आहेत?”

“मॅडम, ते आतल्या खोलीत...”

“आत? पुकाऱ्याच्या आधी आत येऊन बसतो तो पाहुणा. मी आज पाहुण्यांना बोलावलेलं नाही. बाहेरून येऊ द्या.”

आतल्या खोलीचं मागचं दार उघडलं. सचिवांना जिन्याजवळून वळसा घालून, आख्खा व्हरांडा चालून यावं लागलं. दोन्ही बाजूंना नदीकाठची माणसं होती. कुणी शिवी दिली नाही, कुणी अंगावर गेलं नाही, सगळ्यांनी सरकून वाट केली. त्या शांततेत त्यांच्या बुटांचा आवाज फार मोठा वाटत होता.

दारापाशी येऊन ते पुटपुटले, “हजर.”

“ऐकू नाही आलं,” इस्त्रीवाली म्हणाली.

सचिवांनी मागं वळून बघितलं. ती बाई कोण हे त्यांना माहीत असणं शक्य नव्हतं, पण क्षणभर ते तिच्याकडे बघत राहिले. मग दाराकडे तोंड करून त्यांनी पुन्हा, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, “हजर आहे.”

ते घाईघाईनं पाऊल टाकणार, तोच दादांनी हात आडवा केला. दादांच्या तोंडातून आता आवाज येत नव्हता, नुसता वारा येत होता. तरी ते बोलले.

“उंबरा आहे. जपून.”

सचिवांनी खाली बघितलं आणि पाय उचलला.

त्या संध्याकाळी डॉक्टरांनी घशात बॅटरी मारून बघितलं आणि मान हलवली. आवाज गेला होता, आणि आता परत येणार नव्हता. बायकोनं डॉक्टरांनाच फैलावर घेतलं, तुम्हाला काय कळतंय म्हणून. घरी येताना ती अख्ख्या रस्त्यानं एक शब्द बोलली नाही. दादा मात्र ताठ चालले होते. ओळखीचा दिसेल त्याला हात करत होते, आणि ज्यांना कोर्टातलं कळलं होतं ती माणसं वाटेत थांबून त्यांना नमस्कार करत होती.

लाउडस्पीकर आला. खटला चालू राहिला. सचिव प्रत्येक तारखेला बाहेरच्या बाकावर बसतात, नाव ऐकलं की उठतात. दारात स्टुलावर दादा असतात. येणाऱ्या प्रत्येकाला ते बोटानं उंबरा दाखवतात. सचिवांना आता दाखवावा लागत नाही.

एवढं सगळं सोसलेल्या बायकोनं एक दिवस मुद्दाम भाजी अळणी केली. ताट वाढून समोर बसली.

“मागा ना,” ती म्हणाली. “एकदा मागा पूर्वीसारखं. मी काही म्हणायची नाही.”

दादांनी तिच्याकडे बघितलं. तोंड उघडलं, मिटलं. मग चमचा उचलून पेल्यावर वाजवला.

भिंतीपलीकडून आवाज आला, “वहिनी, मीठ द्या हो दादांना!”