मी बाईंच्या आतड्यातला जिवाणू

मी एक जिवाणू बोलतोय. नाक मुरडू नका. तुमच्याही पोटात माझे असंख्य भाऊबंद आत्ता कामाला जुंपलेले आहेत.

माझा मुक्काम बाईंच्या मोठ्या आतड्यात. बाई म्हणजे कर्णबधिर मुलांच्या शाळेतल्या शिक्षिका. त्यांच्या जन्माच्या वेळी माझे पूर्वज त्यांच्या आईकडून त्यांच्या अंगात आले आणि तिथेच पिढ्यानपिढ्या नांदले. काम साधं. बाईंनी खाल्लेल्या भाज्या-कडधान्यांतला चोथा आंबवायचा आणि त्यातून आतड्याच्या भिंतीचं पोषण करायचं. भिंतीपलीकडे शरीराचे पहारेकरी असतात. भिंत धड असली की तेही शांत असतात.

बाईंची मुलगी ठकी जन्मापासून बहिरी. मायलेकींचं सगळं बोलणं हातांनी. भांडणं, लाड, चहाड्या, सगळं. ठकीच्या हातांना उसंत नसे, आणि बाईंचे हात तिच्याही वरताण.

मग एका हिवाळ्यात बाईंचा घसा सारखा धरू लागला. पहिल्यांदा डॉक्टरांनी जंतूंवरच्या गोळ्या दिल्या. पुढे बाई त्याच गोळ्या परस्पर दुकानातून आणू लागल्या.

"अगं, डॉक्टरांना विचार तरी," नवरा म्हणाला.

"शाळेत परीक्षा चालू आहेत. दवाखान्यात ताटकळत बसायला वेळ कुणाला आहे?"

आजार कुठला आणि सोबती कुठला, हे गोळीला कळत नाही. आमच्या वस्त्याच्या वस्त्या उठल्या. रिकाम्या जागेवर दांडगट जिवाणूंनी बस्तान बसवलं. भिंत झिजली, त्या दांडगटांचे तुकडे पलीकडे झिरपू लागले आणि पहारेकरी बिथरले. आम्ही मूठभर उरलो होतो. आमच्याने काही आवरेना.

पुढे एका सकाळी बाईंना ठकीची वेणी घालता येईना. बोटं सुजून लाकडासारखी झाली होती.

"आमवात," तपासण्या पाहून डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "शरीराचे रक्षकच सांध्यांवर उलटलेत."

"माझ्याच हातांवर? का?"

"एकच कारण सांगता येत नाही. घराण्यातून काही येतं. आतड्यातल्या जिवाणूंचाही त्यात वाटा असावा, असं दिसतंय. शोध चालू आहे."

घरी बाईंच्या खुणा अर्धवट होऊ लागल्या. एका जेवणाच्या वेळी ठकीने बापाला खुणेने विचारलं, "आई माझ्याशी नीट का बोलत नाही? रागावलीय का?" बाईंनी ते पाहिलं आणि त्या ताटावरून उठून गेल्या.

औषधांनी सूज उतरली. वाकडी झालेली बोटं मात्र सरळ झाली नाहीत. शाळेने बाईंना वर्गावरून काढून सामानाच्या खोलीत बसवलं.

मी अजून आहे, पण पूर्वीचा गोतावळा काही परतला नाही. तुमच्याकडे एकच मागणं आहे. गरज असेल तेव्हा गोळी जरूर घ्या, पण विचारून घ्या. पोटात आम्हीही राहतो.

परवा ठकी शाळेतून रडत आली. कुणीतरी तिला खेळातून हाकललं होतं. बाईंनी समजूत घालायला हात उचलले. दोन खुणा झाल्या, तिसरीला बोटं अडली. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. ठकीने डोळे पुसले, आईचे दोन्ही हात अलगद धरले आणि तिच्या मांडीवर ठेवून दिले. राहू दे, आई.

लेकरासाठी आईचं आतडं तुटतं, असं तुम्ही माणसं म्हणता. त्या वेळी मी तिथेच होतो.