पारूचा वाटा

रविवारी दुपारी जेवणं झाली आणि चैताली कम्प्युटरपुढं जाऊन बसली. म्हणाली, "पप्पा, आईचा ट्रक बघते जरा."

त्रिंबक हात पुसत होता. तो तसाच उभा राहिला.

त्याच्या बायकोला, पारूला जाऊन तीन महिने झाले होते. तेव्हापासून तिचा ट्रकचा गेम कुणी उघडला नव्हता. पारूचे वडील केम गावचे, जन्मभर ट्रकवर ड्रायव्हर. पण पोरीच्या हातात त्यांनी कधी स्टेअरिंग दिलं नाही. पारू आजारी पडली, घरात बसून वैतागली, तेव्हा दिवाळीला पुण्याहून आलेल्या चैतालीनं तिला ट्रक चालवायचा गेम टाकून दिला. मग काय, पारूला नादच लागला. खाट सोडायला तयार नसलेली बाई पाठीशी उशी घेऊन तासतासभर खुर्चीत बसायची आणि पडद्यावरच्या मोटारींना दम भरायची, "ए बाबा, सरक की बाजूला! हॉर्न ऐकू येईना व्हय तुला?" त्रिंबक म्हणायचा, "हळू हाक, लायसन जाईल." ती म्हणायची, "तुमी गप बसा. मी ड्रायव्हर, तुमी गाडी पुसणारं किन्नर."

आता चैतालीनं ट्रक सुरू केला. तो चार हात पुढं गेला, थांबला, मग एकदम उडी मारून वळणावर जाऊन आदळला.

"हे काय? एवढं अडकतंय कशानं?"

तिनं कम्प्युटर बंद करून परत लावला आणि चालू होता होता डिलीटचं बटण दाबलं. कम्प्युटरच्या आतल्या सेटिंगचा निळा पडदा आला. दिवाळीला तिनं हेच केलं होतं, आणि त्रिंबक मागं उभा राहून बघत होता. या कम्प्युटरला चित्रासाठी वेगळं कार्ड नव्हतं. होती ती आठ जीबी मेमरी, तिच्यातूनच चित्राला वाटा काढून द्यायचा. पाचशे बारा एमबीचा वाटा तिनं दोन जीबी केला, आणि पारूचा ट्रक घाटातनं लोण्यासारखा चालायला लागला होता.

"परत पाचशे बारा झालंय," चैताली म्हणाली. "सेल उतरला असणार. बोर्डावरचा सेल गेला की सगळं पहिल्यासारखं होतं."

मग म्हणाली, "म्हणजे आईला हे असलं दिसत होतं? ती फोनवर सांगायची, माझे हात चालंनात, गाडी उड्या मारती. आणि मी तिच्यावर ओरडायचे पप्पा. म्हणायचे, रबरी बॉल दाब रोज, आळस करतीस नुसता. मला एकदा तरी सुचायला नको, कम्प्युटर बघा म्हणून?"

तिनं ओढणी डोळ्यांना लावली.

त्रिंबकनं पडद्याच्या कोपऱ्यात पाहिलं. सेल गेला असता तर घड्याळही मागं पडलं असतं. घड्याळ बरोबर होतं. चैतालीच्या ते ध्यानात आलं नव्हतं. गप्प बसलं असतं तर भागलं असतं. लेकीनंच कारण शोधून दिलं होतं, त्यानं फक्त मान हलवायची होती. पण मग हे सगळं ती आपल्या अंगावर घेऊन पुण्याला जाणार होती.

तो खाटेवर बसला.

"सेल गेला न्हाय," तो म्हणाला. "मी बदललं."

चैतालीनं मागं वळून पाहिलं.

टॉवेलवरची नक्षी कम्प्युटरवर चौकट चौकट भरून कारखान्यांना द्यायची, हा त्रिंबकचा धंदा. जानेवारीत गुरप्पा कारखानदाराचं मोठ्या पन्ह्याचं, रुंद कापडाचं काम आलं. फाइल जड, दोनदा कम्प्युटर बसला, दीड दिवसाची नक्षी गेली. तिसऱ्यांदा कम्प्युटर लावताना त्यानं डिलीट दाबलं आणि पारूचा वाटा काढून घेतला, परत पाचशे बारा केला. तिला सांगितलं नाही. चार दिवसांचा तर प्रश्न आहे, तिला कळणारही नाही, असं त्याला वाटलं.

संध्याकाळी पारू बसली. "अहो, बगा की, गाडी दम खायली."

"कम्प्युटर चांगला हाय की," तो म्हणाला होता.

केमोनं पारूची बोटं बधिर व्हायची. तिनं दोन्ही हात पुढं धरले, उलटसुलट करून पाहिले. "मग माझीच बोटं गेली म्हणायची."

"सवय सुटली आसंल," तो म्हणाला, आणि नक्षीचे रंग वहीत टिपायला लागला.

हे सगळं त्यानं चैतालीला जसंच्या तसं सांगितलं. सांगताना तिच्याकडं बघितलं नाही.

"चार दिवसांचं काम होतं ना?" तिनं विचारलं. "मग नंतर?"

"पाचव्या दिवसापासनं ती बसंना झाली. काम झालं, पण ती काय बसली न्हाय. मला वाटलं, आता बदलून तरी काय करायचं. कम्प्युटर पण पळायला लागला होता. दुसरं काम आलं."

"आणि तुम्ही तिला सांगितलंच नाही."

"न्हाय."

"एक बटण दाबायचं होतं पप्पा. दोन मिनिटं."

"व्हय."

"ती बॉल दाबत होती? खरं सांगा."

"दाबायची. सकाळी शंभर, संध्याकाळी शंभर. तू सांगितलं म्हणून. मोजायची मोठ्यानं. दवाखान्यात नेलं त्या दिवशी पण सकाळी दाबला."

"आणि तुम्ही ऐकत होता."

"हितंच बसून. काम करत."

चैतालीनं तोंड फिरवलं आणि ती नुसती रडत राहिली. त्याला पाणी आणायचं निमित्त होतं, दाराची कडी बघायचं निमित्त होतं. तो उठला नाही. ती वळेल तेव्हा जे बोलेल ते समोर बसून ऐकायचं, एवढंच त्यानं ठरवलं.