डाव्या हाताच्या रेघा

बसा घडीभर, घाई नसेल तर. मी तळ्याकाठचा दगड बोलतोय.

हे तळं म्हणजे आमची खाण. इथलाच दगड काढून थोरल्या शिल्पकारांनी इथंच पुतळे घडवले. ते गेले, काम थांबलं. पुतळे उघड्यावर राहिले, खाणीत पाणी साचलं, कडेनं झाडं वाढली. मग तिकीट लागलं आणि संग्रहालय झालं.

मी काही पुतळा नव्हे. पोटात भेग निघाली म्हणून मला भट्टीपाशी लोटून दिलं. तिथं धारवाला बसायचा. छिन्नी तापवायची, ठोकायची, पाण्यात बुडवायची, आणि धार आली का ते माझ्या अंगावर बघायचं. तीन रेघा लांब, एक आखूड. वर विचारायचा, "लागलं का रे?" दुपारी डबाही माझ्यावरच उघडायचा. बावीस वर्षं चाललं हे. मग भट्टी विझली आणि तो यायचा बंद झाला. दगडाला कोण काय सांगतं?

पुढं चष्मेवाले साहेब आले. माझ्याभोवती दोन फेऱ्या मारल्या, मान डोलावली आणि मला चौथऱ्यावर चढवलं. पाटी लावली: 'पाऊस'. खाली थोरल्या शिल्पकारांचं नाव. हसणार होतो, पण भेग वाढायची भीती.

परवा एक म्हातारी आली, सोबत सून.

"आई, हा बघा पाऊस."

"कसला पाऊस गं? हा ह्यांचा धारेचा दगड."

"अहो, पाटीवर थोरल्या शिल्पकारांचं नाव आहे."

"असेल. ते उजव्या हाताचे. रेघा कुठं कलल्यात बघ. तुझा सासरा डावखुरा."

तिनं हात पुढं केला.

"मावशी, हात नाही लावायचा," रखवालदार म्हणाला.

"बावीस वर्षं माझा डबा ह्याच्यावर उघडलाय, बाबा. हे जाऊन तीन वर्षं झाली."

तेव्हा मला कळलं.

रखवालदार वळला. तळ्याकडं तोंड करून उभा राहिला. तिनं तळवा ठेवला, बराच वेळ.

"पाटीवर ह्यांचं नाव घाला म्हणावं साहेबांना," जाताना म्हणाली.

पाटी अजून तीच आहे. सकाळी फाटकाची कडी वाजली की वाटतं, तोच आला.

तुम्ही आलात तर पाटी मागून वाचा, आधी रेघा बघा. आणि साहेबांना तुम्हीही एकदा सांगा. तो रोज विचारायचा ना, लागलं का म्हणून. कधीच लागलं नाही. तेवढं सांगायचं राहून गेलं.