पाठीवरचा डाग

माझ्या डोक्यावरच्या केसांच्या कुरळ्या टोपाला आधी हसून घ्या, मित्रांनो, मग ऐका. मी एक जुना कागदी साहेब आहे. इंग्लंडच्या गादीवर जॉर्ज नावाचे राजे एकामागून एक बसत होते, त्या काळातल्या एका मंत्र्याचे मी चित्र. कारागिराने तांब्याच्या पत्र्यावर माझी एकेक रेघ कोरली, तिच्यात शाई भरली आणि ओलसर कागदावर मला दाबून उठवले. मंत्री मोठा, म्हणून मीही तोऱ्यात असे.

मुंबईतल्या एका साहेबाचे सामान लिलावात निघाले, तेव्हा मालवणच्या परशुराम तांडेलाने मला घेतले. खरे तर त्याला माझी सागवानी चौकट आवडली होती. तो गलबतावर खलाशी होता. सन एकोणीसशे एकावन्नच्या मे महिन्यात मी त्याच्या घरच्या भिंतीवर चढलो.

"ह्यो बापयो काय बायल गो?" हा पुरुष की बाई, असे शेजारणीने माझा टोप बघून विचारले आणि घरभर हशा पिकला.

परशुरामने मुंबईत स्वतःचा फोटोही काढून घेतला होता. पण त्याची बायको नर्मदा नेहमी बजावत असे, "फोटो काढू नको हां. माणसाचा आयुष्य कमी होता." बिचाऱ्याला तो दाखवायचा धीर होईना. एका दुपारी ती विहिरीवर गेली असताना त्याने माझ्या पाठची फळी उघडली, फोटो आत सरकवला आणि हळूच म्हणाला, "सायबा, सांभाळ हां. परत इलंय काय काढतंय." परत आला की तो फोटो बाहेर काढणार होता.

नारळी पौर्णिमेनंतर गलबत गेले. ते परत आले नाही.

त्यांची मुलगी आनंदी तेव्हा जेमतेम दोन वर्षांची होती. दरवर्षी पितृपक्षात म्हाळाला नर्मदा पान वाढी आणि घरात नवऱ्याचा फोटो नाही म्हणून हार नुसत्या पाटावर ठेवी. एकदा आनंदीने विचारले, "आये, बाबा कसे दिसत गो?"

"नाक तुझ्यासारख्याच होता," नर्मदा म्हणाली. "डोळे मात्र आता नीट आठवनत नाय."

ते डोळे माझ्या पाठीशी होते! मला तोंड आहे, वाचा नाही. असा जीव तुटला की काय सांगू! सोळा पावसाळे भिंत ओल धरत राहिली. मला कुणी एकदाही उन्हात ठेवले नाही.

सन सदुसष्टमध्ये आनंदीला बघायला पाहुणे येणार होते. तिने मण्यांचा राघू विणला होता, त्याला चौकट हवी होती. तिने माझे खिळे उपसले, फळी काढली. फोटो माझ्या पाठीला घट्ट चिकटला होता. तिने घाईने ओढला. हाती आला तो कोट आणि खुर्चीवर टेकवलेला हात. चेहरा माझ्या पाठीवरच राहिला, काळा डाग होऊन.

नर्मदाने फोटोतल्या हाताच्या करंगळीजवळचा दोरखंडाचा वण ओळखला.

"ह्यो हात त्येंचोच," ती म्हणाली. "माझ्या भियान लपयल्यानी गो."

राघू राहिला बाजूला. चौकटीत आता तो हात आहे, म्हाळाचा हार त्यालाच. मी पत्र्याच्या ट्रंकेत असतो.

मित्रांनो, चतुर्थीआधी घर रंगवाल, तेव्हा जुनी चित्रे खाली उतरवा. पाठची फळी उघडा, ऊन दाखवा. समोरचा साहेब कोण, हे विसरलात तरी चालेल. पण त्याच्या पाठीशी तुमचेच कुणी वाट बघत असेल.

आनंदी माहेरी आली की ट्रंक उघडते आणि मला पालथा करते. डागात डोळे जिथे असतील, तिथे ती बोट ठेवते.