जुना दर

शनिवारी सकाळी साडेनऊला बाबांनी ब्रॉडबँड कंपनीला फोन लावला आणि मुलीच्या सांगण्यावरून स्पीकर सुरू केला. बिल यंदाही वाढून आलं होतं.

"फक्त 'बंद करा' म्हणायचं," ती कुजबुजली. "पुढे एक अक्षर नाही."

"पण बंद कुठे करायचंय आपल्याला?"

"बाबा, जातो म्हणणाऱ्याला जुना दर मिळतो. गप्प बसणाऱ्याचा दरवर्षी वाढतो. रडल्याशिवाय आईसुद्धा पाजत नाही."

तिला हे ठाऊक होतं, कारण ती त्याच कंपनीत, सोडून जाणाऱ्या ग्राहकांना थोपवण्याच्या टेबलावर बसे. ही मेख घरी सांगायला सक्त मनाई होती. सांगणाऱ्याची नोकरी जाई, आणि कळूनही दडवणाऱ्याचीही. आणि घर तिच्या एकटीच्या पगारावर चाललं होतं.

पलीकडून आवाज आला तशी तिने मान खाली घातली. तिच्या शेजारच्याच खुर्चीवरचा सहकारी. नवख्यांना शिकवतो म्हणून सगळे त्याला मास्तर म्हणत.

"नमस्कार, बोला."

"बंद करा," बाबा म्हणाले. मग त्यांनाच कसंसं झालं. "म्हणजे, बंद करायचं नाहीये हो. मुलगी म्हणाली, असं म्हणा. ती तुमच्याकडेच कामाला आहे ना."

तिने त्यांचं मनगट धरलं.

"काका," मास्तर सावकाश म्हणाला, "हे बोलणं रेकॉर्ड होतंय."

"होऊ दे की. त्यात लपवण्यासारखं काय आहे?"

पलीकडून टाइप केल्याची टकटक ऐकू आली.

"जुना दर लावलाय, वर्षभरासाठी. आणखी काही?"

मुलीचं नाव त्याने विचारलं नाही.

"बघ," फोन ठेवत बाबा म्हणाले, "खरं बोललं की काम होतं. उगाच खोटं बोलायला लावत होतीस." बिलाची घडी घालत त्यांनी विचारलं, "मग इतकी वर्षं मुकाट पैसे भरले, ते माझंच चुकलं म्हणायचं?"

तिने धुतलेला कप पुन्हा विसळायला घेतला.

सोमवारी ती वेळेआधी पोचली आणि साहेबांच्या केबिनकडे पाठ करून बसली. बोलावणं आलं की काय सांगायचं, ते तिने मनात घोळवून ठेवलं होतं.

दुपारपर्यंत तिला कुणी बोलावलं नाही. शेजारची खुर्ची रिकामी होती. मास्तर रजेवर आहे का, असं तिने दोघांना विचारलं. दोघांनाही माहीत नव्हतं. त्याचा फोन लागत नव्हता.