हुंकाराची जागा

तुळशीला पाणी आणि देवापुढं दिवा झाल्यावाचून सुचिता संगणकाला बोट लावत नसे. चिखलीत शेषरावांच्या छपाईच्या दुकानात पुस्तकांचे साचे बसवणं हे तिचं काम. साचा म्हणजे रिकामं घर. समास किती, अक्षर केवढं, मजकूर कुठं मोडायचा, सगळं आधी ठरवून ठेवायचं. मग एकदा लिहिलेलं त्यात ओतलं की छापायची पुस्तिकाही निघते आणि फोनवर वाचायचं ई-बुकही.

अमडापूरच्या मंजुळाबाईंच्या शुक्रवारच्या कहाणीला मात्र तयार साचा चालेना. ती ऐकताना बाया मुठीत तांदूळ धरतात आणि सांगणारी थांबली की 'हूं' म्हणतात. हुंकार पडला नाही तर कहाणी देवीला पोचत नाही. मंजुळाबाईंच्या घशाचं ऑपरेशन झालं, आवाज कुजबुजीवर आला, आणि ही कहाणी पुरती दुसऱ्या कुणाला येत नव्हती. उद्यापनाला ती सुनेच्या तोंडून नीट निघावी, एवढंच म्हातारीचं मागणं. म्हणून सुचितानं तिनं कुजबुजत सांगितलेली कहाणी लिहून घेतली, साच्यात थांबण्याच्या प्रत्येक ठिकाणी चार बोटं कोरी जागा राखली आणि फाइल शेषरावांच्या हवाली केली.

उद्यापनाच्या शुक्रवारी शेषराव स्वतःच ड्रायव्हरसह जीपमधून पुस्तिकांचे गठ्ठे घेऊन अमडापूरला आले. ई-बुक सकाळीच बायांच्या फोनवर गेलं होतं. पुरणाच्या वासात ते ओट्यावर ऐसपैस बसले. सुचिता बसनं आली, तोवर आत बाया बसल्या होत्या आणि सून काजल एका सुरात वाचत होती.

"आटपाट नगर होतं. तिथं एक गरीब बाई शुक्रवार धरायची. जुनाट मूळव्याध, भगंदर, बिनाऑपरेशन खात्रीशीर इलाज."

"हूं," बाया म्हणाल्या.

"देवी म्हातारीच्या रूपानं दारी आली. फॅमिली रेस्टॉरंट अँड बार, ए.सी. हॉल…"

"हूं," पुन्हा हुंकार पडला, पण अर्धाच. कुणीतरी फिसकन हसलं. काजलचा चेहरा उतरला.

नैवेद्याच्या ताटात कुणी पिंक टाकावी तसं सुचिताला झालं. तिनं पुस्तिका उघडली. राखलेल्या प्रत्येक जागेत जाहिरातीची एकेक रंगीत चौकट बसली होती. देवीच्या पावलांपाशी दारूची बाटली होती.

ती ओट्यावर आली. "भाऊ, हे काय केलं?"

"काऊन, चांगलं नाही दिसत?" शेषराव खूश होते. "अर्धं पुस्तक कोरंच होतं, ताई! मले वाटलं, तुमच्यानं भरायचं राहून गेलं. सारं भरून टाकलं मी. फोनवर तर बोट ठेवलं का सीधा दवाखान्यात फोन लागते!"

"ती बायांच्या हुंकाराची जागा होती."

"तोंडानं म्हणायचं त्याले कागद कायले लागते?"

सुचिताला त्यांच्याकडे पाहवेना. आत मंजुळाबाई हातात सूप घेऊन उठल्या आणि एकेकीच्या मुठीतले तांदूळ परत घेऊ लागल्या. "खंडली कहाणी," त्या कुजबुजल्या. "आता पयल्यापासून. तवरोक कोणी घास घेऊ नका."

शेषरावांनी आत डोकावलं. "मंग जेवणाचं कसं?"

"जा ना तुमच्या बारात," बायांतल्या सिंधूताई म्हणाल्या. "ए.सी. हॉल हाय म्हणे."

सुचितानं आवाज चढवला नाही. "गाडी काढा, भाऊ, चिखलीला जायचंय. छापलेलं गेलंच. पण साच्यातून चौकटी काढल्या की ई-बुक नव्यानं निघतं. दिवस मावळायच्या आत काजलच्या फोनवर कहाणी आली पाहिजे. आणि त्या चौकटी दुसऱ्या कुठल्या कहाणीत दिसल्या, तर तुमच्या दुकानात मी पाय ठेवणार नाही."

"जाहिरातवाल्यांले मी काय सांगू?"

"गाडी काढा."

उपाशी बायांनी तोंडं वाकडी करत गठ्ठे उचलून जीपमध्ये टाकले. मागची सीट भरली, म्हणून शेवटचा गठ्ठा शेषरावांच्या मांडीवर आला.

"याचं करू काय मी?" ते करवादले. "रद्दीत घालू?"

"देवीचं नाव हाय त्यावर," सिंधूताई ओरडल्या.

"मंग घरी देवापाशी ठेवू?"

सुचिता मागं गठ्ठ्यांच्या कडेला टेकली, तिनं पदर नाकाला लावला आणि ड्रायव्हरला निघायची खूण केली.