एक दीर्घ ऊकार

मार्च महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी, सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी, सुपरमार्केटच्या पुढच्या सरकत्या दारापासून चार पावलांवर, एकतीस वर्षे मुद्रिते तपासून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांच्या हातून लाल पेन गळून पडले. पेन पडण्यात विशेष ते काय, असे कोणी म्हणेल. परंतु छापखान्यातल्या त्यांच्या एकाही सोबत्याने या बातमीवर विश्वास ठेवला नसता. तेथे त्यांना ‘काना-मात्रा’ म्हणत, आणि काना-मात्रा हातातले पेन खाली ठेवीत ते केवळ जेवण्यापुरते, तेही नाइलाजाने.

त्या दाराशी दर शनिवारी पिवळी जाकिटे घातलेली मंडळी उभी असत. गरिबांच्या डोळ्यांवर मोफत शस्त्रक्रिया करणाऱ्या एका संस्थेसाठी ती वर्गणीदार गोळा करीत, आणि करीत म्हणजे अक्षरशः माणसांना दारात अडवून करीत. “दोनच मिनिटं” म्हणून हात पुढे आला की माणूस सापडलाच. सुटकेचे ज्याचे त्याचे मार्ग ठरलेले होते. कोणी बंद पडलेला फोन कानाला लावी. कोणाच्या बुटाची नाडी नेमकी तेव्हाच सुटे. एक धिप्पाड बाई तर ढकलगाडी पुढे करून रणगाड्यासारखी आत शिरे. काना-मात्रांना या पळवाटा हलक्या वाटत. नको असलेल्या माणसाला चुकवणे हा भ्याडपणा, त्याला निरुत्तर करणे हा सभ्यपणा, असे त्यांचे ठाम मत होते.

म्हणून त्यांनी निराळाच उपाय योजला होता. पत्रक हाती पडताच ते ढकलगाड्यांच्या रांगेला टेकून ते तेथल्या तेथे तपासीत. ‘दृष्टीहीन’मधल्या ‘ष्टी’ला गोल, ‘नेत्रचिकीत्सा’ला गोल, एका वाक्याला कर्ताच नाही म्हणून समासात प्रश्नचिन्ह. मग प्रत्येक चुकीमागचा नियम पिवळ्या जाकिटाला खड्या आवाजात समजावून सांगत आणि पत्रक परत करीत. “आधी हे शुद्ध करून आणा, मग दानधर्माचं बोलू.” शुद्ध पत्रक कधी आले नाही. दर शनिवारी नवे पत्रक, नव्या चुका. अकरा महिने त्या लोकांची डाळ शिजली नव्हती.

घरी जेवताना ते हा विजय पत्नीला साग्रसंगीत सांगत. ती दर शनिवारी सकाळी थोरल्या बहिणीकडे जाई आणि दुपारी परते. ती ऐकून घेई, “बरं” म्हणे, “वाढू का” विचारी. लग्नानंतरची काही वर्षे ती पुष्कळ बोलत असे. पण ‘माझी मदत करा’ नव्हे, ‘मला मदत करा’, असे तिचे प्रत्येक वाक्य दुरुस्त होता होता वाक्ये आखूड झाली आणि चुका संपल्या. चौतीस वर्षांच्या संसारात आता कानाला खटकेल असा एक शब्द उरला नव्हता. आपले घर निर्दोष छापून निघाले आहे, याइतकी खात्री काना-मात्रांना जगात दुसऱ्या कशाचीही नव्हती. आणि त्या शनिवारी पणाला लागली ती नेमकी हीच खात्री.

पुढच्या दाराशी उभा असे तो एक माजी विमा एजंट, घोगऱ्या आवाजाचा, पन्नाशी उलटलेला. त्याने नेहमीप्रमाणे पत्रक पुढे केले आणि कोण जाणे कुठल्या लहरीत बोलून गेला, “साहेब, आज जरा जास्त आहेत.”

काय जास्त आहेत, हे विचारायचे काना-मात्रांना सुचले नाही. पेन आधीच चालू लागले होते. सात गोल झाले. चार माणसे नेहमीप्रमाणे बघायला थांबली. शेवटची ओळ होती: ‘आपल्या होकारासाठी आम्ही उत्सूक आहोत.’

पेन तेथेच अडले.

एकतीस वर्षांत खिळे जुळवणाऱ्या नाना तऱ्हेच्या जुळाऱ्यांनी त्यांच्यापुढे नाना तऱ्हेचे अपराध आणून टाकले होते, पण उत्सुकाच्या ‘सु’ला दीर्घ ऊकार त्यांनी आयुष्यात एकदाच पाहिला होता. लग्न ठरल्यावर आलेल्या पहिल्या पत्रात. ‘आपल्या उत्तरासाठी मी उत्सूक आहे.’ त्या शब्दाभोवती लाल गोल काढून त्यांनी ते पत्र जसेच्या तसे टपालाने परत पाठवले होते, तेच उत्तर. दुसरे पत्र कधी आले नाही. हा किस्सा त्यांनी पुढे अनेक मेजवान्यांत सांगितला होता, आणि दर वेळी पत्नीही सगळ्यांबरोबर हसली होती.

हे पत्रक कोणी लिहिले, असे त्यांनी विचारले. आवाज त्यांचा त्यांनाच परका वाटला.

एजंटाने आधी ताकास तूर लागू दिली नाही. मग, हा माणूस आज भांडत नाही हे पाहून, त्यालाच अवघडल्यासारखे झाले. खरे पत्रक अगदी शुद्ध आहे, तो म्हणाला. त्याने ते खिशातून काढून दाखवलेसुद्धा. चुकांचे पत्रक आठवड्याला एकच निघते, आमच्या बाई ते घरून तयार करून आणतात.

“एकच? कोणासाठी?”

“तुमच्यासाठी, साहेब. तुम्ही मला झापायला लागलात की बघायला माणसं थांबतात. त्यांतल्या तिघाचौघांना माझी दया येते, ती सही करून जातात. तुम्ही असता तेव्हा इथे सगळ्यांत जास्त सह्या होतात. राग मानू नका.”

पेन पडले ते तेव्हा. ते कोणीतरी उचलून दिले. त्यांनी ते घेतले नाही. बाई कुठे आहेत, एवढेच त्यांनी विचारले. मागच्या दाराला, गाड्या लावतात तिकडे, असे उत्तर मिळाले.

इमारतीला वळसा घालून, रिकाम्या खोक्यांच्या थप्पीजवळ ते आले, तेव्हा आधी आवाज ऐकू आला. कोणी बाई भरभरून बोलत होती. वाक्य संपतच नव्हते; ‘आणि’ला ‘आणि’ जोडत, मध्येच स्वतःच्या चष्म्याची थट्टा करत ते लांबत चालले होते, आणि समोरचे जोडपे ढकलगाडी सोडून हसत होते. “तर आता तुम्हीच माझी मदत करा,” बाई म्हणाली. काना-मात्रांचे ओठ सवयीने हलले. मग पिवळ्या जाकिटातला चेहरा वळला. तो त्यांच्या पत्नीचा होता.

ती दचकली नाही. जोडप्याची सही घेतली, त्यांना दारापर्यंत पोचवले, मग आली.

“ताई कशा आहेत?” त्यांनी विचारले. त्यात बोचणे असावे असा त्यांचा हेतू होता. निघाला तो नुसता प्रश्न.

“बरी असेल. वर्षभर गेले नाही मी तिच्याकडे.”

“अगं, मला सांगायचं होतंस. मी काय ऐकलं नसतं?”

तिने त्यांच्या हातातले पत्रक घेतले. सात गोल मोजल्यासारखे पाहिले. आठवा शब्द कोराच होता. त्यावर तिने बोट ठेवले, क्षणभर तसेच राहू दिले आणि पत्रकाची घडी घालून ते त्यांना परत दिले.

“चौतीस वर्षं मी बोलत होते,” ती म्हणाली. “तुम्ही फक्त चुकीपाशी थांबता.”